बायकोच्या नावावरची गाठ

शालिकराम तितरमारे यांच्याबद्दल काहीतरी चांगलं लिहून सुरुवात करावी, म्हणून बराच वेळ बसलो. एक चहा झाला, दुसरा झाला. शेवटी एवढंच सापडलं की त्यांच्या घरात पाली नाहीत. त्यांच्या तोंडाला कंटाळून शेजारी राहायला गेल्या असाव्यात.

मानेवाड्याकडे त्यांचं दुमजली घर आहे. खाली ते आणि गोपिकाकाकू, वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून मी. काका बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे मशीनवरच्या कामगारांच्या डोक्यावर बसवलेला माणूस. निवृत्त होताना कारखाना मागे राहिला, ओरडणं तेवढं घरी आलं. तिथं निदान मशीनच्या आवाजात ते मुरून जायचं, इथं साऱ्या गल्लीला स्वच्छ ऐकू येतं. भाडेकरूला ते नावानं हाक मारत नाहीत, गावानं मारतात. माझ्याआधी सावनेर राहत होता, त्याच्याआधी उमरेड. मी कळमेश्वर.

"ए कळमेश्वर! कूलरमध्ये किती पाणी ओततं गा? तुह्या बापानं तलाव बांधला का माह्या गच्चीवर?"

पाणी मी रात्रीसाठी ओतायचो. मे महिन्यात नागपुरात माणूस कूलरशिवाय झोपू शकतो, पण मग तो सकाळी उठेलच असं नाही. याच उन्हाळ्यामुळे आमच्याकडचे पुरुष घरात बनियनवर असतात. काका तर दरवर्षी बनियनही काढून ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायचे. यंदा मात्र ते गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट घालून बसू लागले. समोरचे लोक म्हणाले, काकांना भक्ती लागली. माझा अंदाज होता की सूर्याशीही भांडण झालं असेल आणि त्याला आता अंग दाखवणं बंद केलं असेल.

एका दुपारी ते जिना चढून माझ्या दारात आले. हे नवीन होतं. काम असलं की ते अंगणातूनच ओरडायचे.

"तू त्या रक्त-लघवीवाल्या दुकानात काम करतं ना?"

"दुकान नाही काका, लॅबोरेटरी आहे. धंतोलीत. मी टेक्निशियन आहे तिथं."

"तेच ते. तिथं गाठीत सुई टोचतात का?"

"टोचतात. आमच्या मॅडम टोचतात, मग मी काचेवर..."

"तू काय करतं ते इचारलं का मी?" त्यांनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं. "तुह्या काकूले गाठ आहे. इथं." असं म्हणून त्यांनी बोट स्वतःच्या छातीकडे नेलं आणि मध्येच हवेत थांबवलं.

मी त्यांना साध्या शब्दांत सांगितलं. इंजेक्शनला असते तशी बारीक सुई असते. ती गाठीत घालून मागे-पुढे करतात, थोड्या पेशी ओढून घेतात, काचेवर पसरवतात आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. भूल लागत नाही, टाका लागत नाही.

"मंग कॅन्सर असला तर कळतेच?"

"असला आणि सुईत आला तर कळते. सुईत आलाच नाही, तर नाही कळत."

"म्हणजे तुमी लोकं अंदाजे धंदा करून राहिले."

"तसं नाही काका. आणि बायांच्या कितीतरी गाठी साध्याच निघतात. काकूंना घाबरवू नका, पण घेऊन या."

बायांच्या गाठी साध्या निघतात, हे वाक्य त्यांनी तेवढं उचललं आणि खाली घेऊन गेले. चालही जरा हलकी झाली. हे वाक्य ते कोणाला लावणार आहेत, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

काकांची थोरली बहीण पार्वतीबाई भिवापूरला असते. स्वभावानं भावासारखीच गोड. काकांनी तिला फोन करून विचारलं की तुझ्या भावजयीला छातीत गाठ झाली आहे, तिकडे कोणी गाठीवर लेप देतं का. लेपाऐवजी बाई स्वतः आल्या. सोबत लाल तिखटाची पिशवी होती आणि त्याहून झणझणीत मतं.

त्या आल्या तेव्हा मी अंगणातल्या नळावर बादली भरत होतो. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या, काका ओट्यावर शर्टात शिजत बसले होते. बाईंनी पिशवी ठेवली नाही, पाणी घेतलं नाही.

"काहून वं गोपिका? एवढं झालं अन् आमच्यापासून लपवून ठेवलं?"

"काय झालं, बाई?"

"गाठ वं! छातीतली! शालिक म्हणे मले फोनवर."

"कोनाले गाठ?"

"मले इचारते! तुलेच ना. होणारच होतं हे. दामिनीले तू अंगावर पाजलं नाही, तोंडात बाटली दिली. मी तवाच म्हनलं होतं का हे पुढं भोवते म्हणून."

दामिनी त्यांची मुलगी. ती आता पुण्यात नोकरी करते आणि स्वतः दोन लेकरांची आई आहे. पण तिची बाटली पार्वतीबाईंनी इतकी वर्षं जपून ठेवली होती.

काकूंच्या हातातलं सूप थांबलं. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. काका अचानक समोरच्या घराच्या पत्र्याकडे फार लक्ष देऊन पाहायला लागले. गळ्याचं बटण लावलेलं, कॉलर घामानं काळी झालेली, आणि डावा हात सारखा छातीपाशी जाऊन परत येत होता. एवढ्या वर्षांच्या संसारात काकूंना त्या माणसाचं तोंड वाचता येत होतंच, आता शर्टही वाचता आला.

"हो बाई," त्या म्हणाल्या. "आहे गाठ."

काकांनी पत्र्यावरून नजर काढली. काकू पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

संध्याकाळी वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं त्या गच्चीवर आल्या.

"अशीन भाऊ, गाठ त्यायच्या अंगावर आहे." अश्विन हे माझं नाव, त्या घरात ते फक्त काकू वापरत. "माह्या नावानं सांगून राहिले. बाप्याले अशी गाठ होते का?"

"होते काकू. फार कमी होते, पण होते. आणि त्यांच्या वयात कडक गाठ असेल तर बघायलाच पाहिजे. बायांच्या गाठी साध्या निघतात असं मी सांगितलं होतं, पण ते तुमच्यासाठी."

"त्यायनं ते स्वतःले लावून घेतलं."

"मग तुम्ही खाली खरं का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तो माणूस मरन, पण सुईजवळ जाणार नाही. माह्या नावानं जाते तर जाऊ दे." चादरीची घडी घालताना त्यांनी ती अशी झटकली की खालचा कुत्रा उठून गेला. "तुह्या मॅडमले सांगून ठेव. आतमध्ये गेल्यावर मी पाहून घेते त्यायले."

ठरल्या दिवशी दोघं आले. आमच्या लॅबमध्ये सुईच्या खोलीबाहेर बहुतेक बायाच बसलेल्या असतात. कोणाची गळ्याची गाठ, कोणाची छातीची. काका बायकोला दाखवायला आलेला नवरा म्हणून त्यांच्यात ऐटीत बसले. बाजूच्या बाईला म्हणाले, "इकडे सरका, पेशंटले बसू द्या," आणि काकूंकडे हात केला. त्या बाईनं काकूंकडे अशा कीव आलेल्या नजरेनं पाहिलं की काकूंनी दात आवळून घेतले, ते मला काउंटरवरून दिसलं.

"तितरमारे!" मी हाक दिली.

दोघं आत आले. दार लागलं. मॅडमनी, म्हणजे डॉक्टर चिन्मयींनी, काकूंना टेबलाकडे बोलावलं.

"गाठ मले नाही मॅडम," काकू म्हणाल्या. "यायले आहे."

"ए! काय बोलून राहिली तू?"

"शर्ट काढा," काकू म्हणाल्या. "नाही तर मी दार उघडून इथूनच बाहेरच्या बायांले सांगते."

त्यांनी काढला. मॅडमनी बोटांनी चाचपलं, पुन्हा चाचपलं. डाव्या स्तनाग्राच्या खाली गाठ होती, टणक, आणि स्तनाग्र आत ओढलं गेलं होतं.

"हे कधीपासून?"

"कूलर उचलताना मार लागला. त्याची गाठ आहे ते. आंबेहळद लावून राहिलो."

मॅडमनी सुई घातली. आत जाऊन ती मागे-पुढे व्हायच्या आतच काकांनी मॅडमचं मनगट धरलं आणि उठून बसले. "खून करून राहिली का बाई?" सुई बाहेर आली. तिच्यात जे काही होतं ते मी काचेवर घेतलं. रक्त आणि चरबीचे चार थेंब.

"पुन्हा एकदा करावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "हे पुरेसं नाही."

तोवर काकांची तीन बटणं लावून झाली होती.

काचेवर जे होतं ते मॅडमनी तरीही पाहिलं आणि सुईच्या खोलीत परत येऊन उभ्या-उभ्याच सांगितलं, "यात कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. पण बघण्यासारखं काही आलंच नाही. माझ्या हाताला ही गाठ चांगली लागत नाही, काका. हात, सोनोग्राफी आणि सुई, तिघं एकच सांगतात तेव्हा आम्ही पेशंटला निर्धास्त घरी पाठवतो. इथं सोनोग्राफी व्हायचीच आहे, हात ओरडतोय आणि सुई काही बोललीच नाही."

"कॅन्सर दिसला का?"

"नाही, पण..."

"मंग खतम झाला विषय. चाल वं."

आणि ते काकूंच्याही पुढे निघून गेले.

घरी जाऊन त्यांनी बहिणीला जाहीर केलं की काही निघालं नाही. सुईनं सांगितलं. मशीन कधी खोटं बोलत नाही. पार्वतीबाईंनी ते ऐकलं, आणि इतके दिवस हातात असलेली पळी काकूंच्या पुढ्यात ठेवली.

"ढोंग होतं म्हणजे. माह्याकडून फुकट सैपाक करून घेतला."

बाईंच्या तोंडून गाठ कळल्यावर रडून गेलेल्या गल्लीतल्या बाया पुन्हा येऊन काकूंना नशीबवान म्हणून गेल्या. एक म्हणाली, आता तरी तब्येतीची काळजी घ्या, नवरा किती धावपळ करतो तुमच्यासाठी. काका ओट्यावर बसून हे ऐकत होते आणि त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. एरवी कावळा ओरडला तरी ते उत्तर देतात. काकू सगळ्यांना चहा देत होत्या. कप ठेवायचा आवाज दर वेळी थोडा वाढत होता.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला विचारलं, "घरमालक आले नाहीत?" मग दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसतं पाहिलं. मी घरी येऊन ओट्यासमोर उभा राहिलो.

"काका, मॅडमनी परत बोलावलंय. सोनोग्राफीत बघून सुई टाकायची."

"काहून? तुह्या मॅडमचा धंदा बसला का?"

"मागच्या वेळी नमुनाच आला नव्हता."

"नाही आला म्हणजे नाही आहे."

"काका, कारखान्यात कापसाच्या गठाणीत हात घालून मूठभर कापूस तपासायचे ना? हात आत जायच्या आधीच कोणी धरला आणि मूठ रिकामी बाहेर आली, तर ती गठाण तुम्ही पास करायचे का?"

 जॉबर म्हणून त्यांनी अशा पास केलेल्या गठाणीवरून माणसं हाकलली असतील. आता त्यांनी मलाच हाकललं.

"मले शिकवून राहिला? दोन काचा धुणारा पोट्टा मले कापूस शिकवून राहिला! खाली कर खोली! या महिन्यातच खाली कर! भाडेकरू ठेवला का डोक्यावर डॉक्टर बसवला!"

आवाजानं पार्वतीबाई बाहेर आल्या, समोरच्या खिडक्यांत कूलर घरघरत होते, तिथून कोणी डोकावलं नाही. काकूही आल्या. हात कणकेनं भरलेले होते.

"त्याले काहून काढता?"

"तू आत जाय वं."

"नाही जात." त्या बहिणीकडे वळल्या. "बाई, ऐकून घ्या. माह्या अंगावर गाठ नव्हती. नाहीच होती. यायच्या अंगावर आहे. सुई यायले टोचली होती. महिनाभर मी तुमचं ऐकून राहिली, बाटली काढली तुम्ही, ढोंग म्हनलं तुम्ही. ज्याची गाठ आहे तो ओट्यावर बसून मजा पाहून राहिला होता."

"खोटं बोलून राहिली," काका म्हणाले. पण बोलताना हात शर्टाच्या कॉलरकडे गेला आणि बाईंनी तो पाहिला.

पार्वतीबाई ओट्यावर चढल्या. लहानपणी या भावाला त्यांनीच नळावर घासून आंघोळ घातली असणार, कारण त्याच हक्कानं त्यांनी त्याचे दोन्ही हात बाजूला केले आणि बटणं काढायला लागल्या. काका ओरडले, हात झटकला, बहिणीनं तो पुन्हा बाजूला केला. शर्ट उघडला. आंबेहळदीचा पिवळा डाग होता आणि त्याच्या मधोमध स्तनाग्र आत गेलेलं, कोणी आतून दोरा ओढून धरावा तसं.

बाईंनी पदराच्या टोकानं हळद पुसली, खालची गाठ पुसली गेली नाही. 

"भैताडा," त्या म्हणाल्या, पण आवाज निराळा होता. "हे असं झालं अन् तू बायकोच्या नावानं लेप मागत होता? उद्या जाशीन. मी धरून नेते." मग काकूंकडे वळून म्हणाल्या, "अन् तू वं? नवऱ्याच्या अंगाकडे पाहत नाही का कधी?"

माफी वगैरे त्या घराण्यात नव्हतीच.

"त्यायनं अंग दाखवलं का कोनाले?" काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

दुसऱ्या वेळी सोनोग्राफीचा पडदा समोर होता आणि काकांची दोन्ही मनगटं बहिणीच्या मुठीत होती. सुई गाठीत नीट गेली आणि मॅडमनी ती हवी तेवढी फिरवली. काकांनी तेवढ्यात मॅडमच्या, माझ्या आणि सोनोग्राफीवाल्याच्या खानदानाचा उद्धार केला. काच भरून नमुना आला. मी तो लगेच अल्कोहोलमध्ये बुडवला, रंग दिला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम एरवी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकवत बघतात. या वेळी त्यांनी लवकर मान वर केली.

निकालाच्या दिवशी तिघंही आले. आतल्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. काका आणि बाई बसले, काकू दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"कॅन्सर आहे," मॅडमनी सरळ सांगितलं. "हात, सोनोग्राफी आणि सुई, आता तिघं एकच सांगताहेत."

काकांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा ठेवला. मग म्हणाले, "सुई चुकत असन ना पण?"

"चुकते. पण नाही म्हणते तेव्हा जास्त चुकते. हो म्हणते तेव्हा फार क्वचित. तरीही ऑपरेशनच्या आधी जाड सुईनं एक तुकडा काढून खात्री करतील, आणि पुढचं औषध कोणतं द्यायचं ते त्याच तुकड्यावरून ठरेल."

"म्हणजे तुमालेच भरवसा नाही."

"मागच्या वेळी सुई देव होती," काकू दारातून म्हणाल्या. "आज चोर झाली का?"

काकांनी तिकडे पाहिलं नाही. मॅडमना विचारलं, "अन् आता कापलं नाही तर?"

"आता गाठ हलते आहे, खाली चिकटलेली नाही. सोनोग्राफीत काखेत काही दिसलं नाही, ऑपरेशनमध्ये नक्की कळेल. आता गेलात तर तुम्हाला पुष्कळ संधी आहे. थांबलात तर ती रोज कमी होईल."

"बायांच्या वार्डात ठेवतात का?"

"पुरुषांच्या."

ते उठले. बाई उठल्या. काकू मात्र दारातून हलल्या नाहीत.

"मी येते तुमच्यासंग दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "रात्री बसते, डबा आणते, सारं करते. पण पहिले गल्लीत सांगा. तुमच्या तोंडानं. आपण दवाखान्याच्या चकरा मारून राहिलो तं सामनेवाल्या बाया पुन्हा माह्याकडे मी मेल्यासारखं पाहून राहिल्या. नाही सांगितलं तर बहिणीले घेऊन जा."

"लोकायले काय सांगाचं? हसतीन."

"हसू द्या. मले पाहून रडल्या ना त्या."

 पार्वतीबाई भावाची बाजू घेतील असं मला वाटलं होतं, त्यांनी पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

दवाखान्यात भरती व्हायच्या सकाळी ऑटो गल्लीत उभा होता. बॅग ठेवून झाली, तरी काकू उंबऱ्याच्या आतच होत्या. काका ऑटोपर्यंत गेले, मागे पाहिलं, तिथं कोणी आलं नव्हतं. ते परत आले आणि ओट्यावर चढले. मी गच्चीवरून पाहत होतो. मला वाटलं काकूंवर ओरडतील. ते गल्लीवर ओरडले.

"ऐका रे! खिडकीतून काय पाहता, बाहेर या! गाठ माह्या छातीले आहे! मले आहे, कॅन्सर आहे! बापे लोकायले बी होते, नाही मालूम तर मालूम करून घ्या! हिले काही नाही झालं! हिच्या घरी येऊन चहा पिऊन रडल्या ना तुमी, आता त्या चहाचं काय करता? अन् कोनाले हसाचं असन त्यानं आताच हसून घ्या, मंग मले टाइम नाही!"

कोणी हसलं नाही. समोरच्या खिडकीतल्या बाईनं पडदा ओढायला हात वर केला आणि तसाच ठेवला. ऑटोवाल्यानं हँडलवरचे हात काढले होते.

काका ओट्यावरून उतरले. श्वास लागला होता. "झालं का मन भरून?" असं उंबऱ्याकडे न पाहता म्हणाले.

काकू बाहेर आल्या. दाराला कडी लावली, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

"चला," त्या म्हणाल्या. "उशीर होऊन राहिला."

ऑटोत काका आधी बसले. पार्वतीबाई भिवापूरला जाऊन दुपारच्या बसनं परत यायच्या होत्या, त्यामुळे मागची सीट दोघांचीच होती. काकू दुसऱ्या कडेला बसल्या आणि डब्याची पिशवी त्यांनी मांडीवर न घेता दोघांच्या मधे ठेवली.